नाओशिमा-तेशिमा (जपान) रिव्ह्यू : तीन बेटं बघायला गेलो, दोनच बघून आलो

रेटिंग आधीच देऊन टाकते म्हणजे ज्यांना वाचायचा कंटाळा आहे ते मोकळे. तेशिमा आर्ट म्युझियम ५ पैकी ५. नाओशिमा सगळं मिळून ४. आणि बोटी, बुकिंग, बंद असण्याचे वार हा जो सगळा गुंता आहे त्याला २, तेही बोटीतून दिसणारा समुद्र चांगला आहे म्हणून.

मी आणि माझे बाबा असे दोघंच गेलो होतो, मे महिन्यात, तीन रात्री. बाबा ६८ वर्षांचे, आयुष्य सगळं बांधकामाच्या साइटवर गेलंय, स्लॅब ओतणे आणि कॉलम भरणे हेच काम. निघताना म्हणाले, अगं मला त्या आर्टमधलं काही कळत नाही, तू बघ, मी बाहेर समुद्राकडे बघत बसेन. मला पण वाटलं ठीके, बसतील कुठेतरी चहा पीत. झालं भलतंच. चार दिवसांत मी जेवढं बघितलं नाही तेवढं त्यांनी बघितलं, आणि नाओशिमा, तेशिमा, इनुजिमा अशा तीन बेटांचा माझा पद्धतशीर प्लॅन मोडला तोही त्यांनीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमध्ये होन्शू आणि शिकोकू या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये सेतो नावाचा आतला समुद्र आहे, लाटा जवळजवळ नाहीत, आणि त्यात छोटी छोटी बेटं विखुरलेली. त्यातल्या नाओशिमावर १९१७ पासून तांबं वितळवण्याचा कारखाना आहे, अजूनही आहे, उत्तरेच्या बाजूला. तरुण मंडळी गाव सोडून गेली, म्हातारी माणसं उरली. मग १९९२ मध्ये तादाओ आंदो या आर्किटेक्टने बेटाच्या दक्षिण टोकाला बेनेसे हाऊस बांधलं, हॉटेल आणि म्युझियम एकातच, आणि तिथून एकेक करत आता तिथे इतकं काही झालंय की एका दिवसात बघून होईल असं जो म्हणतो त्याने बहुतेक फक्त भोपळ्यासोबत फोटो काढलेला असतो.

तर भोपळा आधी उरकून टाकते. यायोई कुसामा या जपानी कलाकार बाईंचं शिल्प, पिवळा भोपळा, काळे ठिपके, समुद्रात घुसलेल्या धक्क्याच्या टोकाला. १९९४ पासूनचा. ऑगस्ट २०२१ च्या वादळात तो चक्क पाण्यात वाहून गेला होता, टुणुक टुणुक करत, आत म्हातारी नव्हती एवढंच. २०२२ मध्ये परत बसवला. फोटोसाठी लाइन असते, सगळे शिस्तीत एकामागे एक, कोणी घुसत नाही. बाबांनी भोपळ्याकडे बघितलंच नाही, ते वाकून धक्क्याच्या कडेला लागलेलं शेवाळ बघत होते. मियानोउरा बंदरावर लाल भोपळा पण आहे, तो आतून पोकळ, त्यात शिरता येतं, लहान मुलं असतील तर तिथेच अर्धा तास धरून चाला.

आता चिचू म्युझियम. चिचू म्हणजे जमिनीच्या आत, आणि खरंच सगळं म्युझियम टेकडीत पुरलंय, बाहेरून बिल्डिंग अशी दिसतच नाही, २००४ मध्ये झालं, हे पण आंदोंचंच. तिकीट आधी ऑनलाइन काढा, त्यावर वेळ ठरलेली असते, दोन-अडीच हजार येनच्या आसपास धरा, दिवसाप्रमाणे बदलतं. आत फोटो काढता येत नाही. मला आधी राग आला होता, मग बरं वाटलं, कारण सगळ्यांचे हात रिकामे असतात आणि माणसं खरंच बघतात.

आत कलाकार फक्त तीन. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची वॉटर लिलीजची, म्हणजे तळ्यातल्या कमळांची, पाच चित्रं, वॉल्टर डी मारियाचा एक हॉल आणि जेम्स टरेलची प्रकाशाची कामं. बस. एवढ्यासाठी एवढी मोठी बिल्डिंग? मलाही हाच प्रश्न होता. मोनेच्या खोलीत चपला काढून पांढऱ्या सपाता घालून जायचं, खाली संगमरवराचे दोन सेंटिमीटरचे बारके चौकोनी तुकडे बसवलेत, असे सात लाख, आणि दिवा एकही नाही. वरून जो काही उजेड येईल तेवढाच. आम्ही गेलो तेव्हा ढग होते, चित्रं सगळी करडी-निळी, जरा मरगळलेलीच दिसत होती, मी मनात म्हटलं एवढ्या लांब येऊन हे काय, आणि मग ढग सरकला असावा कारण समोरच्या मोठ्या चित्रात जांभळा रंग हळूहळू वर आला, म्हणजे अक्षरशः डोळ्यासमोर वर आला, मी बाबांना हात लावून दाखवायला गेले तर ते आधीच तिकडे बघत होते.

डी मारियाच्या हॉलमध्ये पायऱ्या आहेत, मधोमध २.२ मीटर व्यासाचा काळा गुळगुळीत ग्रॅनाइटचा गोळा, आणि भिंतींवर सोन्याचा वर्ख लावलेले लाकडी आकार, एकूण २७. छतातून सूर्यप्रकाश येतो आणि दिवसभर फिरतो, त्यामुळे सकाळचा हॉल आणि संध्याकाळचा हॉल वेगळा. आम्ही सकाळचाच बघितला, संध्याकाळचा बघायचा तर परत तिकीट. इथेच मला पहिल्यांदा खटकलं की इथल्या जागा तासाच्या हिशोबाने बघायच्या नाहीत, पण बुकिंग मात्र तासाच्या हिशोबाने करायला लागतं.

आणि भिंती. बाबा भिंतींपुढे थांबायचे. आंदोंचं काँक्रीट असं असतं की प्लास्टर नाही, रंग नाही, शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, काढल्यावर जे निघालं ते फायनल. एकेक प्लायचा पॅनल ९० बाय १८० सेंटिमीटरचा, ततामी म्हणजे जपानी चटईच्या मापाचा, आणि प्रत्येकात साचा आवळून धरणाऱ्या टाय रॉडची सहा भोकं, सगळी एका रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला ती भोकं म्हणजे डिझाइन वाटायची. बाबा म्हणाले, डिझाइन नाही गं, हे सगळ्याच साइटवर असतं, फक्त आम्ही ते बुजवून टाकतो, यांनी ते ओळीत आणलंय. मग पाच मिनिटं हनीकोंबिंग शोधत होते, म्हणजे काँक्रीट नीट भरलं नाही की दगड उघडे पडून जी जाळी दिसते ती. एक भिंत मुद्दाम तिरकी आहे, तिच्यापुढे उभं राहून म्हणाले, "हिचा व्हायब्रेटर कुठून घातला असेल?" आणि हात पुढे केला. (व्हायब्रेटर म्हणजे ओलं काँक्रीट नीट बसावं म्हणून त्यात घालायचं थरथरणारं यंत्र.) मी म्हटलं बाबा, हात लावू नका, तिथे उभी असलेली बाई बघतेय. ती खरंच बघत होती. हसली पण.

नाओशिमावर होनमुरा गावातला आर्ट हाऊस प्रोजेक्ट मला चिचूपेक्षा जास्त आवडला, हे कदाचित पटणार नाही काहींना. गावातली जुनी, रिकामी पडलेली घरं कलाकारांना दिली, १९९८ पासून. पहिलं घर कादोया, दोनशे वर्षांच्या आसपासचं, आत अंधारात पाण्याचा उथळ हौद आणि पाण्यात १२५ डिजिटल आकडे लुकलुकतात, कोणी भराभर कोणी रेंगाळत, तात्सुओ मियाजिमाचं काम. गंमत अशी की कुठला आकडा किती वेगाने पळणार हे गावातल्या १२५ लोकांनी ठरवलं, पाच वर्षांच्या पोरापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत. मी सगळ्यात हळू चालणारा आकडा शोधत बसले, कोणाचा असेल तो.

मिनामीदेरा नावाची जागा आहे, तिथे पूर्वी देऊळ होतं, आता आंदोंनी जळक्या काळ्या लाकडाच्या फळ्यांची इमारत बांधलीय आणि आत टरेलचा अंधार. अंधारच. भिंतीला हात लावत आत नेतात, बाकावर बसवतात, आणि काहीच दिसत नाही, स्वतःचा हात सुद्धा नाही. बाबांनी माझं मनगट पकडून ठेवलं होतं. पाच-सात मिनिटं झाली असतील, शेजारी कोणीतरी खोकलं, आणि मग समोर एक फिकट करडा चौकोन आहे असं वाटायला लागलं, खरा आहे की भास तेही कळेना. बाबा कानात म्हणाले, लावला वाटतं दिवा. नाही बाबा, तो आधीपासूनच होता, आपल्याला दिसायला वेळ लागला. बाहेर आल्यावर त्यांना पटेना, परत जाऊया का म्हणाले, पण पुढच्या स्लॉट फुल होत्या.

गोओ देवळाला पण जा, हिरोशी सुगिमोतोने २००२ मध्ये नव्याने उभं केलंय, देवळाला काचेच्या पायऱ्या आहेत आणि त्या जमिनीखालच्या दगडी खोलीत उतरतात. खालची खोली बघायला बाजूने एक बोळ आहे, इतका अरुंद की अंगाने जाड असाल तर आडवं होऊनच जा. परत येताना त्या बोळाच्या फटीतून फक्त समुद्र दिसतो, उभी निळी पट्टी. २०२५ मध्ये होनमुराच्या जवळ टेकडीवर नवीन म्युझियम पण उघडलंय, आंदोंचंच, आशियातल्या कलाकारांची कामं आहेत, आम्ही शेवटच्या तासाला पोचलो आणि धावत बघितलं, त्यामुळे त्यावर मत देत नाही.

राहण्याबद्दल. बेनेसे हाऊसमध्ये राहणाऱ्यांना रात्री उशिरापर्यंत तिथलं म्युझियम बघता येतं, पण ते आमच्या खिशाच्या बाहेर होतं. आम्ही होनमुरात एका छोट्या गेस्टहाऊसमध्ये राहिलो, नाव देत नाही कारण मालकीणबाई स्वभावाने गोड होत्या, पण बुकिंगला "संध्याकाळी जेवण मिळेल" लिहिलं होतं आणि पोचल्यावर कळलं की त्या आठवड्यात स्वयंपाक बंद आहे. बेटावर रात्री खाण्याची दुकानं लवकर मिटतात. पहिल्या रात्री आम्ही कन्व्हीनियन्स स्टोअरमधले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खाऊन झोपलो. आणि शाकाहारी मंडळींनो, हा भाग उडॉनचा, म्हणजे जाड नूडल्सचा आहे, वासानेच पोट भरेल इतकी दुकानं शिकोकूवरच्या ताकामात्सु शहरात, पण रस्सा माशाच्या अर्काचा असतो, वरून भाज्या घातल्या तरी. आम्ही उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेला भात, फळं आणि टोफू यावर काढलं. बेटावर जायच्या आधी ताकामात्सुहून पिशवी भरून न्या, ऐका माझं.

आता तेशिमा, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले.

तेशिमाबद्दल एक गोष्ट आधी कळलेली बरी. नाव आहे समृद्धीचं बेट असं, पाणी आहे, भातशेती आहे, आणि याच बेटावर सत्तरच्या दशकापासून १९९० पर्यंत कारखान्यांचा विषारी कचरा बेकायदा आणून टाकला गेला. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडून २००० मध्ये समझोता मिळवला आणि मग सुमारे ९ लाख टन कचरा आणि माती बोटीने नाओशिमाला नेऊन तिथे जाळून, वितळवून संपवली, ते नेण्याचं काम २०१७ पर्यंत चाललं. बेटावर फिरताना यातलं काही दिसत नाही. पण हे माहीत असलं की समोरची हिरवी शेतं बघताना जरा वेगळं वाटतं.

आम्ही नाओशिमाहून लहान बोटीने इएउरा बंदरावर उतरलो. ही बोट फक्त माणसांची, सीट मोजक्या, फेऱ्या मोजक्या आणि काही वारी नसतेच, त्यामुळे आधी टाइमटेबल आणि मग बाकी सगळं. उतरून बॅटरीच्या सायकली घेतल्या, दुकानाचं नाव नको. बॅटरी फुल दाखवत होती आणि पहिल्याच चढावर माझी संपली. बॅटरी संपलेली ती सायकल म्हणजे लोखंडाची म्हैस, ढकलत नेली अर्धा चढ, बाबा त्यांच्या सायकलवरून पुढे जाऊन माझी वाट बघत उभे, फार खूश. दुकानदाराने नंतर वाकून वाकून माफी मागितली पण पैसे पूर्ण घेतले. तुम्ही घेताना बॅटरी बदलून मागा, लाजू नका.

पण तो चढ संपला की रस्ता वळतो आणि एकदम खाली समुद्र उघडतो, डाव्या उजव्या हाताला उतरत गेलेली भाताची खाचरं आणि त्यात मध्येच जमिनीवर पांढरं काहीतरी निवांत पडलंय, थेंबासारखं. तेच म्युझियम. २०१० चं, आर्किटेक्ट र्युए निशिझावा आणि आतलं काम रेई नाइतो या बाईंचं. आत एकच वस्तू आहे आणि ती म्हणजे पाणी.

खरंच सांगते. सुमारे ४० बाय ६० मीटरचं काँक्रीटचं कवच, एकही खांब नाही, जाडी २५ सेंटिमीटर, उंची जास्तीत जास्त ४ मीटरच्या थोडं वर, आणि छताला दोन मोठी भोकं, काच नाही काही नाही, उघडी. चपला काढून आत जायचं, बोलायचं नाही. जमिनीला बारीक बारीक छिद्रं आहेत, त्यातून पाण्याचा थेंब वर येतो, थोडा वेळ थरथरतो आणि मग निघतो घरंगळत, दुसऱ्याला जाऊन मिळतो, दोघं मिळून तिसऱ्याकडे, आणि कधी कधी एखादा मधेच थांबतो, उगाच. मी एका थेंबाच्या मागे डोळे लावून बसले आणि वीस मिनिटं गेली. वरच्या भोकातून दोरा लोंबतोय, वाऱ्याने हलतो. बाहेरचे पक्षी आत ऐकू येतात, आणि कोणाची पिशवी खसफसली तर तीही सगळ्या हॉलला ऐकू जाते, हे लक्षात ठेवा.

बाबा मान वर करून बसले होते. मला वाटलं आकाश बघतायत. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "याला जॉइंट नाही." काय? "शटरिंगचा जॉइंट नाही कुठे, पॅनल नाही, भोकं नाहीत, एवढा वाकडा स्लॅब, मग सेंट्रिंग कशाचं केलं?" मग मी फोनवर शोधून वाचून दाखवलं की त्यांनी सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतताना खालून द्यायचा आधार, केलंच नाही, मातीचा टेकाड रचला, त्याला हवा तो आकार दिला, त्यावर सळई बांधली, काँक्रीट ओतलं आणि ते पक्कं झाल्यावर आतली माती उकरून बाहेर काढली. बाबा गप्प. उतारावर सायकल हातात धरून चालत होते आणि मधेच स्वतःशीच, मातीचं सेंट्रिंग म्हणे. बोटीत सुद्धा एकदा, मातीचं.

तिसऱ्या दिवशी प्लॅन इनुजिमाचा होता. तिथे तांब्याचा जुना कारखाना आहे, १९०९ मध्ये सुरू होऊन दहाच वर्षांत बंद पडलेला, त्याच्या विटांच्या चिमण्या आणि अवशेष तसेच ठेवून हिरोशी साम्बुइचीने त्यात म्युझियम केलंय, २००८ मध्ये. मला ते बघायचंच होतं. पण सकाळी उठलो तर पाऊस, वारा नाही पण सरळ रेषेत पडणारा पाऊस, आणि बाबा खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, आज त्या भोकातून पाणी आत येत असेल ना? मी म्हटलं येतच असणार. "मग ते जातं कुठे?"

झालं. इनुजिमा राहिलं.

पावसामुळे स्लॉट मिळाली, बोट वेळेवर होती, यावेळी सायकल नाही, बस. (बस क्वचित असते, चुकली तर चालत जा.) आणि हे ऐका, तेच म्युझियम पूर्ण वेगळं होतं. भोकाखाली पाऊस थेट जमिनीवर पडतोय, त्या गोल भागात नुसता आवाज, आणि बाकी सगळा हॉल कोरडा, मंद, करडा. थेंब आता थेंब नव्हते, त्यांचे ओघळ झाले होते, मोठं तळं साचायचं आणि मग जणू कोणी ढकलल्यासारखं एका बाजूने फुटून वाहायला लागायचं. पहिल्या दिवशी पाणी कुठून येतं ते बघत होते सगळे, आज कुठे जातं ते. बाबा तर जमिनीला गाल लावायचे बाकी होते. उतार डोळ्याला दिसत नाही, पण आहे, आणि एकाच बाजूला नाही, ठिकठिकाणी आहे, असं त्यांचं म्हणणं. आम्ही दीड तास बसलो. त्या दीड तासात शाळेतली असावीत अशी दोन मुलं आली, पहिल्या मिनिटाला कंटाळली आणि नंतर निघायलाच तयार नव्हती.

तर माझं म्हणणं एवढंच, इथे तिकिटं कमी काढा आणि वेळ जास्त ठेवा. होन्शूवरच्या ओकायामाहून सकाळी निघून उनो बंदरावरून वीस मिनिटांची फेरी पकडून संध्याकाळी परत, अशी एक दिवसाची ट्रिप करणारे खूप भेटले, सगळे घड्याळ बघत पळत होते. ताकामात्सुहून नाओशिमाला मोठी फेरी पन्नास एक मिनिटं घेते आणि परतीची शेवटची संध्याकाळी लवकर सुटते. निदान दोन रात्री राहा. नाओशिमाची बरीच म्युझियम सोमवारी बंद, तेशिमाची बहुतेक मंगळवारी, त्यामुळे रविवार ते मंगळवार असं जाणं म्हणजे बंद दारं बघत फिरणं. दर तीन वर्षांनी या बेटांवर सेतोउची त्रिएनाले हा कला महोत्सव भरतो, २०१० पासून, शेवटचा २०२५ ला झाला, तेव्हा जास्त बेटांवर जास्त कामं असतात पण गर्दीही तशीच. मला तरी त्रिएनाले नसलेलं वर्ष बरं वाटलं. रोख येन जवळ ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांना नाओशिमा जमेल, चढ-उतार आहेत पण बस आहे, तेशिमाला जरा विचार करून.

एक राहिलंच. तेशिमावर कारातो भागात समुद्राच्या अगदी कडेला एक काळपट लाकडी घर आहे, क्रिस्टियन बोल्तान्स्की या फ्रेंच कलाकाराने २०१० मध्ये केलेलं, तिथे जगभरच्या लोकांच्या हृदयाचे ठोके रेकॉर्ड करून ठेवलेत. एका अंधाऱ्या खोलीत एकच बल्ब आणि तो कोणाच्यातरी ठोक्याबरोबर लागतो, विझतो. आपलेही ठोके नोंदवता येतात, साधारण दीड हजार येन. पावसात भिजून आम्ही तिथे पोचलो. बाबा म्हणाले, थांब, आधी बीपीची गोळी घेतो, उगाच रेकॉर्ड खराब नको. मग छोट्या खोलीत जाऊन स्टेथोस्कोपसारखं ते यंत्र छातीला लावून बसले, बाहेर येऊन कानाला हेडफोन लावला, नीट ऐकलं, आणि मला म्हणाले, "ठीके. चालू आहे व्हायब्रेटर."